माझ्या मापाचं तमिळ

चेन्नईत बदली झाली आणि चाळिशीत पुन्हा बाराखडी आली. त्यातून सुचलेलं थोडंसं.

१. आपल्या गरजेची भाषा ॲपच्या खिजगणतीतही नसू शकते. ड्युओलिंगोवर हिंदी आहे, ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली कल्पित व्हॅलिरियनसुद्धा आहे, तमिळ मात्र नाही.

२. लिपी लवकर येते, वाचन नाही. तमिळ व्हर्च्युअल अकादमी २००१ साली परदेशस्थ तमिळांसाठी सुरू झाली. तिचे धडे मी कोट्टूरपुरमच्या तिच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, घरात बसून गिरवले. स्वर १२, व्यंजनं १८. पण क आणि ग यांना एकच अक्षर! अड्यारच्या गांधी नगरची पाटी मी बिनधास्त ‘कांदी’ वाचली.

३. धड्यातलं तमिळ रस्त्यावर चालत नाही. लिहायची भाषा वेगळी, बोलायची वेगळी. मंडईत कुणी ‘या वांग्यांचे मूल्य किती?’ असं विचारावं, तशी मी भाजीवाल्या अक्कांना वाटत असणार. त्या हसायच्या, पण कोथिंबीर जास्त घालायच्या.

४. खरी परीक्षा आकड्यांची. नूरु म्हणजे शंभर, आणि तोण्णूरु म्हणजे नव्वद! दुसऱ्या एका ॲपमधली बाई हे स्वच्छ, सावकाश म्हणते. मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाबाहेर फुलवाली कोपरापासून बोटांपर्यंत मोगरा मापते, दोरा तोडते आणि भाव अर्धा गिळून टाकते. शेवटी तिलाच विचारून तिचा आवाज फोनवर घेतला आणि अंकी या फ्लॅशकार्डांच्या ॲपमध्ये कार्डं केली. अंकी कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावी लागते. कार्ड किती आठवलं ते आपण सांगायचं, त्यावरून ते पुन्हा कधी दाखवायचं हे ती ठरवते. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला, त्याच वाटेवरची ही युक्ती. फक्त ‘सोपं’चं बटण दाबताना माणूस स्वतःशी फार उदार होतो.

५. मराठी माणसाला ळ येतो म्हणून शेफारू नये. तमिळ या नावातलाच शेवटचा वर्ण आपला ळ नव्हे. जीभ आणखी मागे वळते. फोनला बोलून लिहायला सांगितलं तर तो माझा ळ चालवून घेतो, बहुधा कित्येक तमिळ माणसंही तसंच बोलतात म्हणून. शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजी, मात्र दारात थांबवून पुन्हा म्हणायला लावतात.

तुम्ही बंगळुरूत असा नाहीतर कोलकात्यात, पहिली दहा कार्डं आयती घेऊ नका. दूधवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या तोंडची घ्या. रेकॉर्ड करण्याआधी विचारा मात्र.