पाय थांबण्याआधी चाकं घ्यावीत का?

प्रश्न : माझं वय ७४. शिक्षक म्हणून निवृत्त झालो, उत्तर कसब्यात जुन्या घरात राहतो. दोन्ही गुडघे झिजलेत. घरात फिरतो, पण पूर्वी रोज पहाटे सिद्धेश्वर तळ्याला व्हायची ती फेरी बंद पडली. आता बाळीवेशीपर्यंत गेलो तरी कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागतं. सिद्धेश्वराच्या यात्रेत मिरवणुकीतल्या नंदीध्वजांबरोबर चालायचो, तेही सुटलं. पुण्याचा मुलगा म्हणतोय, ज्येष्ठांसाठीची ती बॅटरीवरची बैठी स्कूटर घेऊ. मी म्हणतो, मी अजून चालतो की! एकदा तिच्यावर बसलो की पाय कायमचे जातील, आणि गल्लीत म्हणतील, मास्तर थकले. आणखी एक कुतूहल आहे. मुलानं दाखवलेल्या गाडीला ब्रेकच नाही. हँडलवरची पट्टी सोडली की ती आपोआप थांबते म्हणे. मग बॅटरी संपली तर थांबणार कशी? आणि लायसन लागतं का?
— एक निवृत्त शिक्षक, उत्तर कसबा, सोलापूर

उत्तर : मास्तर, ब्रेकपासून सुरुवात करू. यंत्र समजलं की त्याची भीती बरीच कमी होते.

या गाडीला ब्रेक आहे, पण तो मोटरच्या टोकाला आत बसवलेला असल्यामुळे दिसत नाही. त्याची रीत आपल्या सवयीच्या उलट आहे. सायकलचा ब्रेक एरवी सैल असतो, आपण दाबला की लागतो. इथे ब्रेक एरवी लागलेलाच असतो; एक दणकट स्प्रिंग चकती आवळून धरते. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा मोटरबरोबर एका छोट्या विद्युतचुंबकालाही प्रवाह मिळतो. तो स्प्रिंगची पकड सोडवतो आणि चाक मोकळं होतं. पट्टी सोडली की आधी मोटरच वेग उतरवते. त्या क्षणी ती जनित्राचं काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परतही जाते. गाडी थांबली की चुंबकाचा प्रवाह तुटतो आणि स्प्रिंग पुन्हा चकती पकडते. म्हणजे बॅटरी संपली, वायर तुटली किंवा किल्ली निघाली, तर गाडी मोकाट सुटत नाही, जागेवर जखडते. चढावर हात सोडला तरी ती मागे घरंगळत नाही.

अपवाद एकच. गाडी हातानं ढकलून न्यायची असेल तर मागे एक खटका असतो. तो फिरवला की हा ब्रेक सुटतो. उतारावर त्याला हात लावायचा नाही, आणि गाडीवर बसण्याआधी तो जागेवर आहे ना हे रोज पाहायचं. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

चालणाऱ्यांचीच गाडी

ही गाडी कोणासाठी निघाली ते पाहिलं तर तुमच्या मुख्य शंकेचं उत्तर मिळतं. १९६८ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲलन थीम या गृहस्थांनी आपल्या कुटुंबातल्या व्यक्तीसाठी अशी पहिली गाडी बनवली. त्या व्यक्तीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता. घडीची चाकाची खुर्ची त्याआधी पस्तीसेक वर्षं, १९३३ पासून, बाजारात होती. तरीही वेगळी गाडी लागली, कारण गरज वेगळी होती. चाकाची खुर्ची मुख्यतः चालता न येणाऱ्याची. स्कूटरवर मात्र स्वतः उठून बसावं लागतं, पाठ ताठ ठेवून दोन्ही हातांनी हँडल धरावं लागतं, उतरून चार पावलं चालावंही लागतं. ज्याला थोडं चालता येतं पण लांब जाता येत नाही, अशा माणसासाठीच ती आहे. तेव्हा ‘मी अजून चालतो की’ हे तुमचं म्हणणं गाडीच्या विरोधात जात नाही. उलट ती वापरण्यासाठी हीच पहिली अट आहे.

पाय जातील ही भीती मात्र अगदीच निराधार नाही. न वापरलेला स्नायू दुबळा होतो. घरातल्या घरातही गाडीवर फिरू लागलात तर तुमचं म्हणणं खरं ठरेल. पण आज काय चाललंय ते पाहा. तळ्याची फेरी बंद आहे, बाळीवेशीपर्यंत जातानाही टेकावं लागतं, बाकी दिवस घरात बसून जातो. पाय आजही दुबळे होतच आहेत, आणि गाडी तर अजून आलेलीही नाही.

म्हणून एक शिस्त ठरवा. घरात, जवळच्या दुकानाला, शेजाऱ्याकडे पायीच. गाडी फक्त त्या वाटेसाठी, जी आता पायांना झेपत नाही. तळ्यापर्यंत गाडीवर जा, सावलीत लावा आणि काठानं झेपेल तेवढं चाला. आज जी शक्ती जाण्यायेण्यात संपते ती तिथे चालण्यासाठी उरेल. जोडीला फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. झिजलेल्या गुडघ्याला खरा आधार त्यांचाच असतो. गाडी घेण्याआधी डोळे आणि कानही तपासून घ्या. मागून येणारी रिक्षा ऐकू येणं गाडीवर पायी चालण्याइतकंच गरजेचं आहे.

लोक काय म्हणतील

बाबा आमटे १९८५ च्या डिसेंबरात ‘भारत जोडो’ अभियान घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेव्हा ते एकाहत्तरीत होते. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसताही येत नव्हतं. शंभराहून अधिक तरुण सायकलवर होते आणि बाबा बसमध्ये आडवे पडून प्रवास करत होते. सायकल जमत नाही म्हणून ते आनंदवनात थांबले नाहीत. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी कमरेखाली लुळ्या झाल्या. पुढे त्यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि आत्मचरित्राला नाव दिलं ‘चाकाची खुर्ची’. लोक ज्या गोष्टीवरून नजर चोरतात तीच त्यांनी मुखपृष्ठावर घेतली.

गल्लीत पहिले दोन-चार दिवस पोरं मागे धावतील, मोठी माणसं थांबून विचारतील. विचारू द्या. तुमच्यासारखेच गुडघे धरून ओट्यावर बसलेले कितीतरी जण त्या भागात असतील. शिकवणं हा तुमचा पेशा होता. गाडी कशी थांबते ते त्यांना समजावून सांगा, त्यांचाही संकोच जाईल.

उत्तर कसब्यात कोणती गाडी चालेल

तुमच्या भागातल्या अरुंद बोळांना तीनचाकी बरी. ती कमी जागेत वळते आणि पाय ठेवायला मोकळीक असते. चारचाकी जास्त स्थिर असते, पण वळायला जागा मागते. तुमचा तोल जात असेल तर वळसा पडला तरी चालेल, चारचाकीच घ्या.

घडी करून कारच्या डिकीत मावणाऱ्या छोट्या स्कूटरचं पोट जमिनीलगत असतं. ती मॉलच्या फरशीसाठी ठीक. आपल्याकडच्या गतिरोधकावर ती टेकते आणि चाकं अधांतरी फिरतात. मोठी चाकं आणि खाली चांगली उंची असलेलीच पाहा. टायर भरीव रबराचे घ्या. धक्के थोडे जास्त बसतील, पण सोलापुरात वेड्या बाभळीच्या काट्यांनी पंक्चर तरी होणार नाही.

जुन्या घराला पायऱ्या असणारच. चाकं चढवायच्या उताराचं प्रमाण १:१२ असावं, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. १५ सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या असतील तर उतार ३.६ मीटर लांब हवा. एवढा उतार बोळात मावणार नसेल तर गाडी खालीच, कुलूप लावता येईल अशा आडोशाला ठेवावी लागेल. मग बॅटरी काढून घरात नेता येणारं मॉडेल घ्या आणि तिचं वजन दुकानात स्वतः उचलून पाहा.

बऱ्याच गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. २० अँपिअर-तासांची जोडी असेल तर तिच्यात जवळपास अर्धा युनिट वीज मावते, म्हणजे रोज चार्ज केली तरी बिलात फार फरक पडत नाही. खरा खर्च बॅटरी बदलण्याचा, आणि तिचा शत्रू म्हणजे आपलं ऊन. शिशाच्या बॅटरीचा ठोकताळा असा, की २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. उन्हातून आल्या आल्या चार्जरला लावू नका; बॅटरी निवू द्या आणि रात्री चार्ज करा. ती पूर्ण रिकामी होण्याची वाट पाहू नका. पावसाळ्यात गाडी पडून राहिली तरी अधूनमधून चार्ज करा. लिथियमची बॅटरी हलकी असते आणि जास्त टिकते, पण महाग पडते.

लायसन आणि पैसा

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं तसं प्रमाणपत्र असेल, तर बॅटरीवरची गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. मग नोंदणी नको आणि लायसनही नको. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, प्रमाणपत्राची प्रत मागा. ब्रिटनमध्ये पदपथावर ताशी ६.४ आणि रस्त्यावर १२.८ किलोमीटरची मर्यादा आहे. तुम्हीही गल्लीत चालत्या माणसाच्या वेगानंच जा. आरसा, हॉर्न आणि मागे चमकणारी पट्टी हवीच. विजापूर रोड किंवा होटगी रोडसारख्या मोठ्या रस्त्यांवर मात्र ही गाडी नेऊ नका.

कुणी सुचवेल, त्यापेक्षा नेहमीच्या स्कूटरलाच साइड व्हील बसवा. तो पर्याय अनेकांना उपयोगी पडतो, पण ती मोटार वाहनच राहते. तिला लायसन, विमा आणि त्या बदलाची आरटीओकडे नोंद लागते. शिवाय तिचा वेग वेगळा आणि वजनही.

बैठ्या स्कूटरची किंमत साठ-सत्तर हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जाते. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र अशी साधनं मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीला साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. त्यात स्कूटर बसत नाही, हा खर्च घरातूनच करावा लागेल. मधला एक मार्ग आहे. मद्रास आयआयटीतून पुढे आलेल्या ‘निओमोशन’ कंपनीने ‘निओबोल्ट’ हे मोटर असलेलं चाक आणलं. ते त्यांच्या चाकाच्या खुर्चीला पुढून जोडलं की खुर्चीची गाडी होते. खुर्चीत बसायला मन तयार असेल तर तेही पाहून ठेवा.

पैसे देण्याआधी गाडी तुमच्या दारात आणायला सांगा. तुमच्याच बोळात वळवून पाहा, तुमच्याच गतिरोधकावरून न्या. आणि विचारा, बिघाड झाला तर सोलापुरात कोण येणार? प्रत्येक वेळी गाडी अडीचशे किलोमीटरवर पुण्याला पाठवावी लागणार असेल, तर स्वस्त गाडीही महागच.

मग घ्यावी का?

घ्यावी. पाय पूर्ण थांबल्यावर ही गाडी फारशी उपयोगाची नाही, कारण तिच्यावर चढायला-उतरायला पायच लागतात. शिवाय नवं यंत्र हाताळायला आज जी नजर आणि जो हात साथ देतोय, तो चार वर्षांनी देईलच असं नाही. घ्यायची वेळ ओळखायची खूण सोपी आहे. जिथे जाण्यात तुम्हाला आनंद होता अशा ठिकाणांची यादी करा. त्यातली किती केवळ वाटेमुळे सुटली ते मोजा. निम्मी सुटली असतील तर वेळ झाली आहे.

यात्रेचं म्हणाल तर हिरेहब्बू वाड्यातून सातही नंदीध्वज निघतात तेव्हा त्या गर्दीत गाडी घालू नका. ते तुमच्या आणि इतरांच्याही जिवावर बेतेल. पण ती मिरवणूक ज्यांच्या दर्शनाला जाते ती ६८ लिंगं वर्षभर शहरात आपापल्या जागी असतात. गर्दी नसलेल्या सकाळी, झेपतील तेवढी, गाडी जाईल तिथवर गाडीनं आणि पुढची पावलं पायी, असं दर्शन घेता येईल. एका दिवसात नाही, महिन्या-दोन महिन्यांत पूर्ण होईल. या आठवड्यात फिजिओथेरपिस्टला भेटा, पायऱ्यांचं माप घ्या, आणि मुलाला कळवा की गाडी दारात आणून दाखवायला सांग.