उजवीकडेच बघणारं लेकरू

पाचव्या महिन्यात मुलाचं जावळ काढलं, त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं. विदर्भातल्या शिरपूरच्या आमच्या अंगणात लेकरू मामाच्या मांडीवर होतं. वस्तरा फिरून झाला, हळद लावली, आणि आजीचा डोक्यावरून फिरणारा हात मध्येच थांबला. "डोस्कं चपटं झालं वं पोरी याचं. तुले दिसलं नाही काय?"

इतकं नव्हतं दिसलं. पाच महिने डोक्यावर जावळ होतं आणि जावळावर टोपडं. उजव्या कानामागचा तळहाताएवढा भाग सपाट झाला होता. उजवा कान डाव्यापेक्षा पुढं सरकला होता, आणि नीट पाहिलं तर त्या बाजूचं कपाळही किंचित पुढं आलं होतं.

त्यानंतर शिरपूर, अकोला आणि पुणे अशा खेपा झाल्या. चौदा आठवडे मुलानं डोक्यावर हेल्मेट वागवलं. आज तो तीन वर्षांचा आहे. गावातल्या, मालेगाव-रिसोडकडच्या ओळखीच्या नव्या आया अजून विचारतात, म्हणून जे कळलं ते मांडते.

१. टोपडं काढा आणि डोकं वरून बघा.

समोरून चेहरा गोड दिसतो, बाजूनंही काही कळत नाही. बाळाला मांडीवर बसवून, केस ओले करून, वरून बघायचं. दोन्ही कान एका रेषेत आहेत का? मागचा गोलवा दोन्हीकडे सारखा आहे का? मोबाइलवर दर महिन्याला वरून एक फोटो काढून ठेवला तर फरक लपत नाही. आणखी एक खूण माझ्यासमोर होती आणि मी ती वाचली नाही: उजव्या बाजूचे केस घासून विरळ झाले होते. "लेकरं घासतातच" म्हणून मी सोडून दिलं.

२. लेकरू कुठं बघतं हे बघा, आणि तिकडंच का बघतं हे शोधा.

आमच्याकडे दोन कारणं निघाली. पहिलं घरातलंच. झोळी भिंतीला लागून बांधलेली होती. डावीकडे भिंत, उजवीकडे दार. उजेड, आवाज, अंगणातल्या शेळ्या, कामावरून येणारे आजोबा आणि मी, सगळं उजवीकडून यायचं. लेकरानं भिंतीकडे कशाला बघावं? अंथरुणावरही तेच होत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, एक दिवस डोकं या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवा. आता आमच्या घरात उत्तरेला डोकं करून कोणी झोपत नाही, आणि दक्षिणेचं उसं फिरवलं की उत्तर येते. दोन दिवस यावर घरात बोलणं चाललं. शेवटी अंथरूणच आडवं टाकलं: एक दिवस पूर्वेला डोकं, एक दिवस पश्चिमेला. झोळी फक्त समोर कोणी बसलेलं असताना वापरायची असं ठरलं, आणि रात्रीची झोप घट्ट, सपाट गादीवर.

दुसरं कारण मानेत होतं. कानामागून गळ्याच्या हाडाकडे तिरका उतरणारा स्नायू एका बाजूला आखडलेला असला की बाळाला मान त्याच बाजूला वळवणं अवघड जातं. पोटात एकाच स्थितीत राहिलेल्या बाळांमध्ये हे आढळतं. आमच्या मुलासमोर खुळखुळा डावीकडे नेला की तो डोळे वळवायचा, डोकं नाही. फारच ओढ लागली तर अख्खं अंग वळवायचा. अकोल्याच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी हे एका मिनिटात ओळखलं. त्यांनी मान ताणण्याचे व्यायाम शिकवले. दर वेळी लंगोट बदलताना ते करायचे, म्हणजे आपोआप दिवसातून सात-आठ वेळा होतात. हे व्यायाम शिकूनच करावेत. आमच्याकडे न्हाऊ घालणारी बाई मान स्वतःच ओढू लागली होती, तिला मी हात जोडून थांबवलं.

३. डोकं चपटं होतं म्हणून पालथं झोपवू नका.

घाबरून मी दोन रात्री त्याला पोटावर झोपवलं. आज आठवलं की पोटात गोळा येतो. झोपेतल्या अचानक मृत्यूंच्या अभ्यासानंतर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं. १९९४ पासून तिथं त्याची देशभर मोहीम झाली आणि पुढच्या वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्याच काळात मागून सपाट झालेली डोकी जास्त दिसू लागली, हेही खरं. पण सपाट डोकं सुधारता येतं. झोपताना पाठीवरच, मग आजी काहीही म्हणो.

४. जागेपणी मात्र पोटावर.

पहिल्या आठवड्यापासून, आईच्या छातीवर किंवा जमिनीवर गोधडी टाकून, कोणी तरी समोर बसून. आधी दोन-तीन मिनिटं, मग वाढवत दोन महिन्यांच्या आसपास दिवसभरात मिळून अर्धा तास. मान बळकट होते आणि डोक्याच्या मागच्या भागाला विसावा मिळतो. आमच्या शेजारच्या जैन काकूंनी हे मला डॉक्टरांपेक्षा चांगलं समजावलं. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा, त्यावरूनच गावाची ओळख. काकू म्हणाल्या, "देवाला जमिनीचा आधार नाही लागत. तू लेकराचं डोकं दिवसातून चार वेळा अधांतरी राहू दे." त्या दिवसापासून आमच्या घरात पोटावर ठेवण्याला 'अधांतरी' हाच शब्द झाला. "अधांतरी झालं का आज?" असं आजोबा शेतातून फोन करून विचारायचे.

५. राईची उशी.

मला माहीत आहे, ही प्रत्येक घरात असते आणि प्रेमानं शिवलेली असते. माझ्या आईनंही शिवली होती. पण मान आखडलेली असेल तर बाळ त्या उशीवरही त्याच बाजूला वळतं, आणि इतक्या लहान बाळाच्या तोंडानाकाजवळ कोणतीही उशी धोक्याचीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डोक्याला आकार देण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बाळांच्या उशा वापरू नका असा जाहीर इशारा दिला. आमची उशी आईनं उसवली आणि राई फोडणीला वापरली. डोकं हातानं दाबून 'बसवणं' हेही बंद करा. हाडं कणकेसारखी वळत नाहीत.

६. "आपोआप भरेल" हे अर्धं खरं आहे.

तिसऱ्या महिन्यात लस द्यायला गेलो होतो, तेव्हा मनात नुसती शंका होती, म्हणून एका डॉक्टरांना मी डोक्याबद्दल विचारलं होतं. त्यांनी डोक्याला हात न लावता हे वाक्य सांगितलं. मला त्यांचा फार राग होता. पुढं वाचल्यावर तो थोडा निवळला. न्यूझीलंडमध्ये दोनशे बाळांवर लक्ष ठेवून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौथ्या महिन्यात सुमारे २० टक्के बाळांचं डोकं चपटं होतं, आणि दोन वर्षांच्या वयाला फक्त ३.३ टक्क्यांचं. म्हणजे बहुतेकांचं खरोखरच भरतं. पण डॉक्टरांनी मान वळवून बघायला हवी होती. त्या दोन मिनिटांनी आमचे दोन महिने वाचले असते.

७. हेल्मेटच्या आधी एक खात्री करून घ्या.

कवटीच्या हाडांमधल्या बहुतेक शिवणी पहिल्या वर्षात उघड्या असतात. सुमारे दोन-अडीच हजार बाळांमागे एकाची एखादी शिवण वेळेआधी जुळते. तेव्हा डोकं वाकडं वाढतं, पण त्याचं कारण झोपणं नसतं आणि त्यावर शस्त्रक्रिया लागू शकते. जन्मापासूनच वाकडेपणा आहे, बाजू बदलूनही तो वाढतोच आहे, बोटाला हाडाचा कंगोरा लागतो, टाळू फार लवकर भरली, डोक्याचा घेर वाढत नाही, यातलं काही असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. आमच्या मुलाची तपासणी स्वच्छ निघाली. झोपण्यानं आलेल्या चपटेपणानं मेंदू दबत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी जावळानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

८. हेल्मेट दाबत नाही, जागा राखतं.

मला वाटायचं की ते फुगलेल्या बाजूला आवळत असेल. तसं नाही. डोक्याचं मोजमाप यंत्रानं घेतात आणि त्यावरून आतून फोम, बाहेरून प्लास्टिक असं कवच बनवतात. जिथं डोकं पुढं आलंय तिथं ते नुसतं टेकतं, आणि चपट्या भागावर मोकळी जागा ठेवलेली असते. वाढणारं डोकं त्या जागेत भरतं. म्हणजे काम डोक्याची वाढच करते. अमेरिकेत स्टर्लिंग क्लॅरन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये हा उपाय मांडला, तेव्हापासून तत्त्व हेच आहे.

म्हणूनच वय महत्त्वाचं. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर, सहा महिन्यांत ४३, वर्षाला ४६. पुढच्या अख्ख्या वर्षात जेमतेम दोन सेंटिमीटर. वाढच नसेल तर मोकळी जागा कशानं भरणार? चार ते सहा महिन्यांत सुरू केलं तर वाव असतो, वर्षानंतर तो झपाट्यानं कमी होतो. अमेरिकेतही या हेल्मेटांना मंजुरी तीन ते अठरा महिन्यांच्या बाळांसाठीच आहे. परवा एक जण दोन वर्षांच्या चालत्या-बोलत्या मुलाला घेऊन आली. कोणीतरी तिला हेल्मेट सुचवलं होतं. मी तिला स्पष्ट सांगितलं, दागिने मोडू नकोस. माझ्या दोन पाटल्या गेल्या आहेत, म्हणून सांगते.

९. हेल्मेटनंच बरं होतं असं मी म्हणणार नाही.

नेदरलँड्समध्ये पाच-सहा महिन्यांच्या ८४ बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला हेल्मेट, दुसऱ्याला काहीच नाही. २०१४ मध्ये निकाल आला: दोन वर्षांच्या वयाला पूर्ण सुधारणा हेल्मेटच्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात २३ टक्के. फरक नसल्यातच जमा. मान आखडलेली आणि फारच बिघाड असलेली बाळं मात्र त्यात घेतली नव्हती. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूशल्यचिकित्सकांनी सल्ला दिला तो असा: आधी बाजू बदलणं आणि फिजिओथेरपी, आणि त्यानंतरही मध्यम ते तीव्र चपटेपणा उरला तर हेल्मेट. आमचा मुलगा त्या उरलेल्यांत होता. त्याचं डोकं आज बरंच गोल आहे, थोडा फरक मला अजून हाताला लागतो. त्यातलं हेल्मेटचं किती, व्यायामाचं किती, नुसत्या वाढीचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

१०. विदर्भाचा उन्हाळा हिशेबात धरा.

दिवसाचे तेवीस तास घालायचं असतं. आम्ही एप्रिलमध्ये सुरू केलं. मे महिन्यात शिरपूरला आलो तर पारा बेचाळीसच्या वर आणि दुपारी वीज गायब. दोन दिवसांत कपाळावर घामोळं, मानेवर लाल पट्टा, आणि आंबूस वास. मोजमाप घेणाऱ्यांना फोन केला. त्यांनी कडक उन्हाच्या वेळी आणि ताप असेल तेव्हा काढून ठेवायला सांगितलं. रोज आतून पुसून सुकवायचं, डोकं कोरडं करूनच घालायचं, आणि काढल्यावर तासाभरात न जाणारा लालपणा दिसला तर पुन्हा घालण्याआधी दाखवायचं. ठरावीक दिवसांनी पुण्याला जाऊन आतला फोम कोरून आणावा लागे. मालेगाव, मेडशी, पातूर करत अकोला आणि तिथून रात्रीची गाडी. बहिणीचं घर पुण्यात नसतं तर आम्हाला हे जमलंच नसतं. ज्यांना जमत नाही त्यांनी स्वतःला कमी समजू नये. वरची मोफत कामं मन लावून केली तर पुष्कळ होतं.

११. बाजारात, एसटीत लोक विचारतात: "ऑपरेशन झालं काय?" "पडलं काय?" एका वाक्यात सांगायचं: "डोकं चपटं होतं, गोल व्हायला घातलंय." ऐकणाऱ्यांतल्या एखादीच्या घरी तसंच लेकरू असतं.

१२. माझं शेवटचं म्हणणं आशाताईंना आहे.

घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं उभी केली आणि पुढं ती देशभर गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तुम्ही सहा वेळा घरी येता, नंतर तिसऱ्या महिन्यात पुन्हा. वजन करता, ताप बघता, दूध विचारता. ताई, त्याच भेटीत टोपडं काढायला सांगा, डोकं वरून बघा, आणि खुळखुळा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे न्या. मान एकीकडेच वळत असेल तर त्या आईला त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. माझ्या लेकराचं जावळ काढेपर्यंत कोणी बघितलं नव्हतं.