कल्ले लाल असले म्हणून मासा निर्धोक नसतो

बाजारात मासा घेताना आपण कल्ले उचलून बघतो, डोळे बघतो, अंगठ्यानं दाबलं की मांस वर येतंय का ते बघतो. ही परीक्षा ताजेपणाची. शिसं, पारा, कॅडमियम हे जड धातू तिच्यात सापडत नाहीत. त्यांना ना वास, ना चव. जपानमधल्या मिनामाटात कारखान्याच्या पाऱ्यानं शेकडो माणसं मेली. १९५६ साली तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला, पण लोक खात होते ते मासे खाडीतले ताजेच होते. म्हणून मी म्हणतो, भाव विचारण्याआधी पाणी विचारा. बीड जिल्ह्यात तर हे विचारायलाच हवं. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या राखेत शिसं, आर्सेनिक असे धातू थोड्या प्रमाणात असतातच, आणि ती राख पाण्यात कालवून तळ्यात साठवली जाते. माजलगाव किंवा मांजरा धरणातला मासा वाईट, असं मी म्हणत नाही. पण राखतळ्याच्या किंवा कारखान्याच्या नाल्याच्या खालच्या अंगाला धरलेला मासा तपासल्याशिवाय खाऊ नये, यावर मी ठाम आहे.

हळद-मीठ लावून खळखळून धुतलं, कडकडीत तळलं की सगळं जातं, असं घरोघरी म्हणतात. जंतूंच्या बाबतीत ते खरं आहे, धातूंच्या नाही. पारा मांसातल्या प्रथिनांनाच चिकटतो, तो कढईत जळत नाही. कॅडमियम मुख्यतः काळीज आणि मूत्रपिंडात साठतं, तेव्हा आतडी-काळीज काढून टाकल्यानं तेवढा भार कमी होतो. दुसऱ्या माशांवर जगणारा मासा जितका मोठा आणि जुना, तितका त्याच्यात पारा अधिक. म्हणून थोराड मरळीपेक्षा मध्यम रोहू किंवा मृगळ बरा. गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, मासे मात्र सोडू नयेत. एवढं चांगलं प्रथिन या भावात दुसरं कुठलं मिळतं? सुकटीत पाणी उडालेलं असतं, त्यामुळे किलोमागे धातूचं प्रमाण चढतं. तिचा घास लहान असतो हे खरं, तरी ती रोजची करू नये.

अशा चर्चेनं भोई-कोळ्यांचं पोट मारलं जाईल, हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. पण एका तळ्याबद्दल अफवा उठली की गिऱ्हाईक सगळ्याच पाट्यांकडे पाठ फिरवतं, आणि अशा वेळी चांगल्या पाण्यातला मासा धरणाऱ्याच्या हातात तपासणीचा कागद असला तरच तो तरतो. माशात शिशाची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. त्यावर बोट ठेवून मच्छीमार संस्थांनीच अन्न व औषध प्रशासनाकडे नमुने तपासून मागावेत. गिऱ्हाइकालाही ती वाट मोकळी आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे विकत घेतलेला जिन्नस फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, आणि त्यात दोष निघाला तर फी परत मिळते.