सकाळी सहाची नावड

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात पहिला तास सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी सुरू होतो. अकरावीचा एक विद्यार्थी त्या तासाला आठवड्यातून दोन-तीनदा तरी गैरहजर असे. "सर, सकाळी यावेसेच वाटत नाही," असे त्याने प्रांजळपणे सांगितले, तेव्हा मी त्याला आळसावर लांबलचक भाषण ऐकवले. भाषणाआधी मोजमाप करायला हवे होते, निदान पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने तरी!

विद्यार्थी मित्रांनो, ही नावड म्हणजे एकच गोष्ट आहे की दोन गोष्टींची बेरीज? हे ठरवण्यासाठी आधी आपल्या शरीरातील घड्याळाची ओळख करून घेऊ.

१७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात ठेवले. ऊन दिसत नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत व मिटत राहिली. वेळ मोजण्याची सोय रोपाच्या आतच होती. तशी ती आपल्यातही आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या तंत्रिका मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. तेच आपले मुख्य घड्याळ. पेशींमधील हे यंत्र कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ थोडे हळू चालते. बाहेरची कोणतीही खूण नसेल, तर त्याची फेरी सरासरी २४ तासांहून काही मिनिटे जास्त असते. म्हणून ते रोज लावावे लागते, आणि ते लावणारी किल्ली म्हणजे सकाळचा उजेड. त्यात तुमच्या वयाची एक अडचण असते. रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक किशोरवयात उशिरा स्रवू लागते. हा उशीर दोन तासांपर्यंतही असू शकतो. नऊ वाजता आजोबांना जांभया येतात आणि तुम्हाला मात्र नुकती हुशारी वाटू लागते, ती यामुळे.

आता हिशेब करा. रात्री साडेअकराला झोप, पावणेसहाला गजर : सव्वासहा तास. तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. नऊ धरले, तरी रोज पावणेतीन तासांची तूट. सहा दिवसांत साडेसोळा तासांची थकबाकी. ती फेडायला रविवारी दहापर्यंत झोपले, की सकाळचा उजेड बुडतो, घड्याळ आणखी मागे पडते आणि सोमवारचा गजर आधीपेक्षाही वैऱ्यासारखा वाटतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असे ठरवले. चांगलेच झाले. पण घड्याळ मागे पडते ते त्यापुढच्या वयात, आणि अनेक ठिकाणी सकाळची पाळी त्याच वर्गांच्या वाट्याला येते! इमारत एक आणि पाळ्या दोन असल्या, की मुख्याध्यापक तरी काय करणार?

वेळापत्रक आपल्या हाती नाही. उजेड मात्र आहे. ट्यूबलाइटच्या खोलीत प्रदीपन साधारण १०० ते ३०० लक्स असते. सूर्य थोडा वर आल्यावर उघड्या मैदानात, आभाळ भरलेले असले तरी, ते काही हजार लक्स भरते. डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, म्हणून हा फरक आपल्याला इतका मोठा जाणवत नाही. मोबाइलमधील प्रकाशमापकाने मोजून पाहा, आकडा पाहून चकित व्हाल. तेव्हा सकाळचा चहा-दूध गॅलरीत किंवा अंगणात घ्या, शाळा जवळ असेल तर चालत जा. रात्री मात्र दिवे मंद करा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. रविवारी रोजच्यापेक्षा तासभर उशिरा उठायला हरकत नाही. चार तास नको.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी शेवटी एक वही करायला सांगितली. झोपल्याची व उठल्याची वेळ, आणि "आज जावेसे किती वाटते" याला दहापैकी गुण; एकदा उठताना, एकदा सकाळी दहा वाजता. झोपेमुळे आलेली नावड दहापर्यंत बरीचशी ओसरते. जी ओसरत नाही, तिचे कारण शाळेत शोधायचे. ते कारण एखाद्याची भीती असेल, तर ते घरी किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सांगायलाच हवे. लवकर झोपून ती जात नाही.

तीन आठवड्यांनी त्याने वही आणली. उठतानाचे गुण बहुतेक दिवशी दोन किंवा तीन, दहा वाजताचे सहा-सात. फक्त गुरुवारी दोन्ही वेळा दोन. गुरुवारी आमचे प्रात्यक्षिक असे. खोदून विचारले, तेव्हा कळले की त्याला व्हर्निअर कॅलिपरवरचे माप वाचता येत नव्हते, आणि जोडीदारासमोर ते कबूल करायची लाज वाटत होती. प्रयोगशाळा रिकामी असताना आम्ही दोघे कॅलिपर आणि एक पितळी गोळी घेऊन बसलो. अर्धा तास पुरला.