सही झाल्याशिवाय उडायचं नाही

मुलांनो, सायकलची चेन पडली तर आपण रस्त्याच्या कडेला थांबून ती बसवतो. पण विमानाचं काही बिघडलं तर? आकाशात कडेला थांबता येत नाही!

इथे अमेरिकेत आमच्या ओळखीच्या एका काकांकडे चार जणांचं छोटं विमान आहे, सेस्ना १७२. त्याचा प्रोपेलर आणि स्पिनर बदलायचा होता. मी सुट्टी घेऊन मदतीला गेलो. मदत म्हणजे काय, तर पाने हातात देणं!

प्रोपेलर का बदलायचा?

प्रोपेलर हवा मागे ढकलतो आणि विमानाला पुढे ओढतो. त्याचं पातं नीट पाहा, ते विमानाच्या पंखासारखंच दिसतं. प्रोपेलर म्हणजे फिरणारा पंख, हे राइट बंधूंनी १९०३ च्या उड्डाणाआधीच ओळखलं होतं. स्पिनर म्हणजे प्रोपेलरच्या मधोमध बसणारी शंकूसारखी टोपी. तिच्यामुळे हवा अडत नाही, नीट वळून इंजिनाकडे जाते.

आता थोडं गणित. काकांचा प्रोपेलर या टोकापासून त्या टोकापर्यंत १९० सेंटीमीटर आहे. मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०. एका फेऱ्यात पात्याचं टोक जवळजवळ ६ मीटर जातं. म्हणजे त्याचा वेग झाला ताशी साधारण ८६० किलोमीटर!

इतक्या वेगात एखादा खडा लागला की पात्याला खाच पडते. खाचेतून भेग सुरू होऊ शकते. पात्याचा तुकडा उडाला तर तोल जाऊन इंजिनसुद्धा जागेवरून उखडू शकतं. म्हणून मेकॅनिक कानशीने खाच घासून गुळगुळीत करतात. पण दरवेळी थोडा धातू कमी होतो. काकांची पाती घासून घासून ठरलेल्या मापापेक्षा अरुंद झाली होती. स्पिनरलाही स्क्रूच्या भोकापाशी भेग गेली होती.

काम कसं झालं?

काका विमानाचे मालक असले तरी हे काम त्यांना एकट्याने करता येत नाही. परवाना असलेल्या मेकॅनिकबाई सोबत होत्या. त्यांनी आधी विमानाची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. तरी त्या म्हणाल्या, "पात्याच्या वाटेत उभं राहू नका. या इंजिनात ठिणगी पडायला बॅटरी लागत नाही. आत बिघाड असेल तर हाताने पातं फिरवलं तरी इंजिन सुरू होऊ शकतं." मी दोन पावलं मागे सरकलो.

जुना स्पिनर निघाला, मग सहा बोल्ट काढून प्रोपेलर. नवा प्रोपेलर बसवताना बोल्ट एका ओळीने नाही, समोरासमोरचे आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. आणि अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने मोजून! मग बोल्टच्या डोक्यांतल्या भोकांमधून तार ओवून पिळली. बोल्ट सैल व्हायला लागला तर ही तार त्याला उलट आवळूनच धरते.

शेवटी काकांनी नवा स्पिनर लावला. इंजिन सुरू केलं. आवाज छान होता. काकांना संध्याकाळच्या आत एक चक्कर मारायची होती. पण बाई स्पिनरच्या टोकाकडे बघत होत्या. ते टोक एका जागी स्थिर दिसत नव्हतं, किंचित डुगडुगत होतं.

"पुन्हा काढा," त्या म्हणाल्या.

"अहो, एवढंसं तर आहे!" काका म्हणाले.

"एवढंसंच वाढत जातं."

स्पिनर काढला. बाईंनी आधी मार्करने दोन खुणा केल्या होत्या, एक स्पिनरवर आणि एक मागच्या चकतीवर. घाईत काकांनी त्या जुळवल्याच नव्हत्या! सगळे स्क्रू पुन्हा लावेपर्यंत अंधार पडला. या वेळी टोक अगदी स्थिर होतं. मग बाईंनी विमानाच्या नोंदवहीत काम लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.

काका त्या दिवशी उडाले नाहीत. परत येताना गाडीत हसत मला म्हणाले, "आपल्या घाटात पाटी असते ना रे, 'अति घाई, संकटात नेई'? ती आता हँगरमध्येच लावतो."

शब्दार्थ
पाना – बोल्ट फिरवायचं हत्यार
कानस – धातू घासायचं हत्यार
खाच – लहान खोलगट खूण
भेग – तडा, चीर
आवळणे – घट्ट करणे
डुगडुगणे – थोडं थोडं हलणे

स्वाध्याय
१. पात्याची खाच घासून गुळगुळीत का करतात?
२. बोल्टमधून ओवलेली तार काय काम करते?
३. मेकॅनिकबाईंनी स्पिनर पुन्हा का काढायला लावला?
४. काकांच्या जागी तुम्ही असता तर त्या संध्याकाळी काय म्हणाला असता? चार वाक्यं लिहा.
५. वाचा: "सही झाल्याशिवाय विमान उडत नाही." आता 'केल्याशिवाय', 'विचारल्याशिवाय' आणि 'पाहिल्याशिवाय' वापरून तुमच्या घरातले तीन नियम लिहा.