कीड ओळखण्यासाठी छायाचित्रण : ऑटोफोकसचा योग्य वापर

शेतातून मोबाईलवर पाठविलेल्या छायाचित्रावरून कीड ओळखणे आता नित्याचे झाले आहे. केंद्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीतही छायाचित्राचा आधार घेतला जातो. परंतु अनेक छायाचित्रांत पान सुस्पष्ट आणि कीड मात्र धूसर दिसते. अशा चित्रावरून निदान चुकल्यास फवारणीचा खर्च वाया जातो आणि खरी कीड पिकात तशीच राहते. म्हणून फोकस केवळ किडीवर नव्हे, तर तिच्या ओळखखुणेवर साधणे आवश्यक आहे.

ओळखखूण आधी ठरवावी

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. वाढलेल्या अळीच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ या इंग्रजी अक्षरासारखी फिकट खूण असते. शेपटीकडील भागात, पोटाच्या आठव्या वलयावर, चौकोनात मांडलेले चार ठळक काळे ठिपके असतात. या दोन खुणा चित्रात स्पष्ट आल्यास घाटे अळीपासून ती वेगळी ओळखता येते. अगदी लहान अळीत या खुणा ठळक नसतात. त्यामुळे शक्यतो मोठी अळी निवडावी.

ऑटोफोकस का चुकतो?

कॅमेऱ्याला कीड आणि पान यांतील फरक कळत नाही. चौकटीत ज्या भागाच्या कडा व रंगभेद ठळक, तिकडे फोकस वळतो. लहान किडीपेक्षा मागील पानाच्या शिरा त्याला अधिक ठळक वाटतात. शिवाय बहुतेक मोबाईल साधारण ८ ते १० सेंटिमीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर फोकस करू शकत नाहीत; काहींत हे अंतर याहूनही अधिक असते.

प्रत्यक्ष कृती

१. छापील कागदावर मोबाईल हळूहळू जवळ नेऊन अक्षरे स्पष्ट दिसण्याचे किमान अंतर जाणून घ्यावे. शेतात त्याहून जवळ जाऊ नये; दुप्पट झूम वापरावा.

२. पडद्यावर ओळखखुणेच्या जागी बोट टेकवावे. ज्या मोबाईलमध्ये सोय आहे, तेथे बोट काही क्षण दाबून ठेवून फोकस स्थिर करावा. त्यानंतर मोबाईल किंचित पुढे-मागे नेत पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत.

३. जवळून टिपताना काही मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून मोबाईल अळीच्या पाठीला समांतर धरावा. दोन्ही खुणा एकत्र न आल्यास स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत.

४. वाऱ्याने पान हलत असल्यास देठाजवळ हाताने धरावे. पोंग्यात अंधारामुळे फोकस सतत सरकतो. अळी उजेडात पानावर घ्यावी किंवा दुसऱ्या मोबाईलचा प्रकाश बाजूने द्यावा.

५. फुलकिडे सुमारे १ मिलिमीटर लांबीचे असतात. मिरचीचे फूल कागदावर झटकावे. फिकट किडींसाठी काळा, गडद किडींसाठी पांढरा कागद वापरावा. मोबाईलवर लावायचे भिंग असल्यास फोकस स्थिर करून मोबाईलचेच अंतर बदलावे.

पाठविण्यापूर्वी

छायाचित्र पडद्यावर मोठे करून खूण स्पष्ट आहे का, हे शेतातच पाहावे. व्हॉट्सॲपवर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ स्पष्टता टिकते. सोबत संपूर्ण झाडाचे व नुकसानीचे प्रत्येकी एक छायाचित्र, पिकाचे नाव आणि वय कळवावे. खूण दिसत नसल्यास फवारणीचा निर्णय न घेता पुन्हा छायाचित्र घ्यावे अथवा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.