माप कुठून कुठपर्यंत?

घराच्या नकाशावर ‘१२००’ असा आकडा दिसला की पाहणाऱ्याला वाटते, माप मिळाले. गवंड्याला मात्र अर्धेच उत्तर मिळालेले असते. १२०० मिलिमीटर म्हणजे विटेपासून विटेपर्यंत, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत, की टाइलपासून टाइलपर्यंत? नकाशे काढून आणि तपासून माझे एक मत पक्के झाले आहे. बेरीज चुकल्याने जेवढे बांधकाम बिघडते, त्याहून अधिक बिघडते ते टेपचे टोक कुठे धरायचे हे न सांगितल्याने. म्हणून नव्याने नकाशे काढू लागलेल्यांना मी एकच नियम सांगतो : ज्या टप्प्यावर माप लागणार आहे, त्या टप्प्यावर जागेवर जे उभे असेल तिथूनच माप द्या. मापे देण्याचे बाकीचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

न्हाणीघराचेच बघा. राष्ट्रीय इमारत संहितेत त्याची किमान रुंदी १.२ मीटर आहे, म्हणून नकाशावर दोन भिंतींमध्ये १२०० लिहिले जाते. गवंडी ते विटेपासून विटेपर्यंत धरतो, कारण त्याच्या समोर त्या वेळी फक्त वीट असते. मग भिंतीवर १५ मिलिमीटर गिलावा चढतो, त्यावर टाइल आणि तिच्या चिकटथराचे मिळून साधारण १२. एका बाजूला २७, दोन्ही बाजूंना ५४. हाती उरतात ११४६. चूक गवंड्याची नाही, त्याने आकडा जसाच्या तसा पाळला. नकाशा काढणाऱ्याच्या मनात तयार खोलीचे माप होते आणि कागदावर ते विटेच्या कामासाठी गेले. त्याने आधी ५४ मिळवून विटकामाचे माप १२५४ दिले असते आणि नकाशावर ‘सर्व मापे गिलाव्याशिवाय, विटेपासून विटेपर्यंत’ एवढी एक ओळ लिहिली असती, तर प्रश्नच उरला नसता. स्वयंपाकघरात शेगडीचा ओटा, फ्रीजची खोबण, कपाटाचा कोनाडा यांचेही असेच होते. तिथे पाच सेंटिमीटर गेले की आणलेली वस्तू आत जात नाही.

टप्पा बदलला की टेप धरायची जागाही बदलते. लाइनआउटच्या वेळी जमिनीवर भिंत नसते, खुंट्या आणि दोऱ्या असतात. त्या दोऱ्या कॉलमच्या किंवा भिंतीच्या मध्यरेषेवर ताणतात, म्हणून तिथे सेंटर लाइनची मापे हवीत. सोबत चौकोनाचे दोन्ही कर्णही द्यावेत, म्हणजे काटकोन साधला की नाही हे टेपने लगेच कळते. पण भिंत उभी राहिली की तिची मध्यरेषा विटांच्या पोटात जाते. मग कोणी म्हणाले, ‘सेंटर लाइनची मापे स्ट्रक्चरल नकाशात आहेतच, आर्किटेक्चरलमध्ये पुन्हा कशाला?’ तर उत्तर सोपे आहे : जी रेषा आता दिसत नाही, तिच्यावर टेप लावता येत नाही. विटकामाच्या नकाशात भिंतीच्या बाजूपासून बाजूपर्यंत मापे हवीत आणि भिंतीची जाडी वेगळी लिहिलेली हवी. दार-खिडक्यांचे आकार तक्त्यात द्यावेत आणि प्लॅनवर त्यांची जागा, म्हणजे कोपऱ्यापासून उघड्या भागाच्या कडेपर्यंतचे अंतर. दाराची ही जागा लिहायची राहिली की चौकट कोपऱ्याला चिकटून बसते आणि दारामागे ६०० मिलिमीटर खोल कपाट ठेवायचे होते, हे नंतर आठवते.

दुसरा धडा साखळीचा. एकापुढे एक मापे देत गेले की प्रत्येक ठिकाणची छोटी चूक पुढच्या मापात मिसळते. सहा ठिकाणी ५-५ मिलिमीटर एकाच दिशेने सरकले, तर शेवटच्या भिंतीपाशी ३० मिलिमीटर जातात. म्हणून लांब भिंतीवरच्या खिडक्यांना एकाच कोपऱ्यापासून सलग मापे द्यावीत. चूक झाली तरी ती त्या एका खिडकीपुरती राहते. त्याहून फसवी असते बंद साखळी. समजा बाहेरची भिंत २३०, खोली ३६००, मधली भिंत ११५, दुसरी खोली ३०००, पुन्हा बाहेरची भिंत २३०, एकूण ७१७५. पुढे मधल्या भिंतीला विटेऐवजी १५०चा ब्लॉक ठरला आणि तेवढाच आकडा बदलला, तर तुकड्यांची बेरीज ७२१० होते. एकूण माप मात्र ७१७५च लिहिलेले राहते. हे ३५ मिलिमीटर कोणत्या खोलीतून काढायचे, हे नकाशा सांगत नाही, म्हणजे ते मिस्त्री ठरवणार. उपाय असा की ज्या खोलीला थोडे कमी-जास्त चालते, तिचे माप लिहूच नये. एकूण माप आणि बाकीचे तुकडे पक्के ठेवावेत; फरक आपोआप त्या मोकळ्या खोलीत जाऊन बसतो.

यावर आक्षेप येतो की मापे एवढी वाढली तर नकाशा वाचता येणार नाही. गर्दीने नकाशा बिघडतो हे खरेच आहे, पण गर्दी होते ती मापे विस्कटून लिहिल्याने. प्लॅनच्या बाहेर तीन ओळी पुरतात : भिंतीजवळच्या ओळीत दार-खिडक्या, मधल्या ओळीत भिंती आणि वळणे, सर्वांत बाहेर एकूण लांबी. आतली मापे खोलीच्या एका बाजूला, आडवी एका रेषेत आणि उभी एका रेषेत. पहिली ओळ भिंतीपासून कागदावर साधारण १० मिलिमीटर दूर ठेवावी आणि सगळे आकडे कागदाच्या खालच्या किंवा उजव्या कडेने वाचता येतील असे लिहावेत. एकच माप दोन ठिकाणी लिहू नये. नकाशा सुधारताना एक आकडा बदलतो, दुसरा तसाच राहतो आणि साइटवर नेमका जुनाच वाचला जातो.

एककांचाही गोंधळ कमी नाही. १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, तरी घरमालक अजून ‘दहा बाय बारा’च म्हणतो. दहा बाय बारा फूट म्हणजे ३०४८ बाय ३६५८ मिलिमीटर. ते सोयीसाठी ३००० बाय ३६०० केले की १२० चौरस फुटांची खोली सुमारे ११६ची होते. मालकाला हे सांगून केले तर व्यवहार आहे, न सांगता केले तर भांडण. भिंतीचेही तसेच : नऊ इंच म्हणजे २२८.६, आणि नकाशावर आपण २३० लिहितो. पाच भिंतींत ७ मिलिमीटर वाढतात. म्हणून एका नकाशावर एकच एकक ठेवावे. फूट-इंच द्यायचेच असतील तर खोलीच्या नावाखाली ओळखीपुरते द्यावेत, मापाच्या रेषेवर नव्हे.

कोणी म्हणेल, मिस्त्री अनुभवी असतो, तो सांभाळून घेतो. घेतो, आणि तिथेच धोका आहे. तो सांभाळून घेतो ते त्याच्या सवयीप्रमाणे. मालकाच्या कपाटाचे माप त्याला माहीत नसते. दुसरा म्हणेल, आता ऑटोकॅड माप स्वतःच देतो. देतो, पण आपण ज्या दोन बिंदूंवर टिचकी मारतो त्यांचे. मध्यरेषेला टिचकी मारली की मध्यरेषेचे, गिलाव्याला मारली की गिलाव्याचे. त्यातही रेषा न हलवता आकड्यावर हाताने दुसरा आकडा टाइप करायची सवय सर्वांत घातक. चित्र एक सांगते आणि आकडा दुसरे, आणि पुढच्या माणसाला हे कळायचा काही मार्ग नसतो. तिसरा म्हणेल, माप नसले तर स्केल लावून काढता येते. १:५०चा ए-२ नकाशा ए-३वर छापला की तो १:७०च्या आसपास जातो, आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोला तर स्केलच नसते. म्हणून ‘नकाशावर स्केल लावू नये, लिहिलेली मापेच धरावीत’ ही सूचना प्रत्येक पानावर हवी. पण ती लिहिल्यावर एकही लागणारे माप गाळायचा हक्क आपल्याला राहत नाही.

नकाशा साइटवर पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या. कोरा कागद घ्या, नकाशातल्या रेषा न पाहता फक्त त्यातले आकडे वापरून प्लॅन पुन्हा काढा. पेन्सिल जिथे अडेल तिथे माप राहिले आहे. जिथे दोन उत्तरे येतील तिथे माप जास्त झाले आहे. आणि जिथे रेषा विटेवर ओढायची की गिलाव्यावर हे कळणार नाही, तिथे सूचना राहिली आहे. छोट्या बंगल्याच्या प्लॅनला या कामासाठी तासभर लागतो. तो तास टेबलावर द्या. साइटवर हीच दुरुस्ती करायला भिंत फोडावी लागते.